जातं कुठे गेलं?

"जातं कुठे गेलं?" आत्याने फोनवर पहिलं हेच विचारलं.

आजीच्या ओव्यांची एक कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवली होती. मागची गुणगुण आणि खरखर सॉफ्टवेअरने काढली आणि फाइल तिला पाठवून दिली. आईचा आवाज तीस वर्षांनी कानावर पडल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटणार नाही, असं मी धरून चाललो होतो. ती शांतपणे म्हणाली, "आवाज आईचाच आहे रे. पण ती दळतेय असं वाटतच नाही. कुणीतरी तिला रेडिओ स्टेशनवर नेऊन खुर्चीवर बसवलंय आणि गा म्हणून सांगितलंय, तसं वाटतंय. जातं कुठे गेलं?"

मी फाइल पुन्हा ऐकली. आत्याचं खरं होतं. आजी गात होती आणि तिच्या आवाजाखाली काहीच नव्हतं.

या कॅसेटी १९८६ च्या मे महिन्यातल्या. काका मुंबईहून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र, घेऊन देवरुखजवळच्या आमच्या घरी आला होता. बरोबर कोऱ्या कॅसेटींचा खोका. आजी पहाटे तांदूळ दळायला बसायची, तेव्हा त्याने तो टू-इन-वन माजघराच्या उंबऱ्यावर ठेवून दिला. रोज थोडं थोडं असं करत अकरा कॅसेटी भरल्या. आजी १९९४ ला गेली, काका त्यानंतर काही वर्षांनी. कॅसेटी आत्याच्या कपाटात राहिल्या. कोकणातल्या कपाटात चाळीसएक पावसाळे काढल्यावर टेपवर पांढरी बुरशी धरते. अकरापैकी दोन कॅसेटींवर ती नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. एकीची टेप पहिल्याच फेऱ्यात पट्टीच्या जोडापाशी तुटली. म्हणजे या कॅसेटी पुन्हा पुन्हा वाजवून बघण्यासारख्या उरल्या नाहीत. एखादी एकदाच वाजेल, आणि त्या एका वेळी पलीकडे जे यंत्र असेल त्याने ऐकलं तेवढंच पुढे राहील.

मग जातं गेलं कुठे?

आधी मी टू-इन-वनमध्ये सेल घालून हेडफोन थेट त्यालाच लावला. जातं तिथे होतं. आजी ओवीची ओळ संपवून मूठभर तांदूळ वैरायची, त्या एवढ्याशा विसाव्यात जात्याची घरघर एकदम मोठी होऊन पुढे यायची. तिने पुन्हा सूर लावला की मागे सरायची. त्या काळच्या टू-इन-वनमध्ये रेकॉर्डिंगची पातळी आपोआप वरखाली होत असे, त्यामुळे हे होतं. माणूस गप्प झाला की यंत्र कान टवकारतं आणि खोलीतलं बारीकसारीक वर उचलतं. तांत्रिकदृष्ट्या हा दोषच. पण त्या दोषामुळे आमच्या माजघरातलं जातं, बांगड्या, लांबचा कोंबडा असं सगळं टेपवर आलं होतं.

आणि टेपवर गुणगुण मुळीच नव्हती. ती माझ्या कॉम्प्युटरमधून येत होती. घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा सूर आणि त्याच्या वर चढत गेलेले १००, १५०, २०० हे त्याचे भाऊबंद. सॉफ्टवेअरला मी म्हटलं, एवढं काढ. जात्याची घरघरही साधारण त्याच घरांत राहणारी. सॉफ्टवेअरने ती घरं सरसकट रिकामी केली. आत येताना मिसळलेलं नंतर वेगळं काढता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि कॉम्प्युटरमध्ये आवाज उतरवून घेणाऱ्या वेगळ्या साउंड कार्डासाठी माझी शोधाशोध तिथून सुरू झाली.

तोवर मी मदरबोर्डवरच्या आवाजावरच काम भागवत होतो. डेस्कटॉपच्या मागे तीन भोकं असतात, गुलाबी, हिरवं आणि निळं. कॅसेट उतरवायला बसलेले बरेच जण गुलाबीत पिन घालतात, कारण तिथे माइकचं चित्र असतं. माइककडून येतात काही मिलिव्होल्ट. टेपरेकॉर्डर पाठवतो त्याच्या कितीतरी पट. गुलाबी भोक तो आवाज फाडून टाकतं, शिवाय पुष्कळदा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा एकच करून टाकतं. टेपरेकॉर्डरसाठी निळं, म्हणजे लाइन-इन. मी निळ्यातच पिन लावली होती. तरी माउस हलवला की चिरचिर ऐकू यायची. पान वरखाली सरकवलं की ती लयीत यायची. मदरबोर्डवर आवाजाची चिप असते नखाएवढी, आणि तिच्या आजूबाजूला प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स क्षणाक्षणाला वेगवेगळा करंट ओढत असतात. त्या ओढाताणीत सगळ्यांचा सामायिक ग्राउंड थरथरतो, आणि नाजूक सिग्नलला ती थरथर चिकटते. महागड्या बोर्डांवर आवाजाचा भाग वेगळा आखून ठेवलेला असतो. माझा बोर्ड साधा होता.

आतलंच कार्ड कशाला, बाहेरचा यूएसबी डबा घे, असं मला चौघांनी सांगितलं. सल्ला चुकीचा नाही. कॅबिनेटच्या बाहेर गेलं की तिथला गोंगाट मागे राहतो. पण माझ्या टेबलावर आधीच टू-इन-वन, कॅसेटींचा ढीग, स्पिरिटची बाटली आणि कापूस होता. घरात दोन लहान मुलं आहेत. जिथे पिन हलली तर चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज तुटणार, तिथे मला टेबलावर लोंबणारी आणखी एक वायर नको होती. कार्ड स्क्रूने कॅबिनेटला आवळलेलं असतं. ते सहज हलत नाही.

साउंड कार्डाशी माझी ओळख जुनी आहे. नव्वदच्या दशकात आमच्या ऑफिसात पहिला 'मल्टिमीडिया' कॉम्प्युटर आला, त्यात साउंड ब्लास्टर १६ होतं. सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये SET BLASTER ही ओळ 'ए२२० आय५ डी१' अशी घालावी लागे. ती चुकली की कार्ड मुकं. त्याआधीचा पीसी फक्त टूं करायचा. १९८७ मध्ये अ‍ॅडलिब कार्ड आलं, त्यावर यामाहाची चिप. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणलं, आणि त्यात आवाज बाहेर सोडण्याबरोबर आत घेण्याचीही सोय होती. सिम वोंग हू यांची ही कंपनी. २०२३ च्या जानेवारीत ते गेल्याची बातमी वाचली तेव्हा मी कॅसेटी पुसत बसलो होतो, आणि मला खरोखर वाईट वाटलं. मधल्या काळात १९९७ मध्ये इंटेलचं एसी-९७ आलं, २००४ मध्ये एचडी ऑडिओ आला. आवाज मदरबोर्डवरच बसला आणि कार्डाची गरज बहुतेकांना उरली नाही.

म्हणून पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी साउंड कार्ड मागितलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आधी माझ्याकडे नीट बघितलं. "काका, कार्ड आता कुणी नेत नाही. बोर्डला असतंच की." मी त्याला कॅसेटींचं सांगितलं. तो पोटमाळ्यावर चढला आणि एक खोका पुसून घेऊन आला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ७.१ लिहिलेलं, म्हणजे आठ स्पीकरांची सोय. माझी गरज बरोबर उलटी, दोन वायरी आत. तरीही घेतलं.

ते कार्ड पहिल्या दिवशी चांगलं वाटलं. चिरचिर गेली होती. दुसऱ्या कॅसेटच्या पहिल्या बाजूला, साधारण बाविसाव्या मिनिटाला, आजीच्या एका शब्दाचं मधलं अक्षर अर्धवट आलं. मला वाटलं, टेप खराब आहे. भीत भीत पुन्हा वाजवली. या वेळी ते अक्षर पूर्ण आलं आणि दुसऱ्याच जागी 'टिक्' झालं. मग कॅसेट बाजूला ठेवून मी कार्डाला तासभर एकच स्थिर सूर ऐकवला आणि उतरलेल्या लहरी मोठ्या करून पाहत गेलो. मधे मधे लहर तुटली होती, काही मिलिसेकंदांपुरती. माहिती वेळेत उचलली गेली नव्हती, आणि मधला तुकडा कायमचा गेला होता. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, कितीतरी वर्षांपूर्वी लिहिलेला, माझ्या विंडोजच्या आधीच्या काळातला, आणि बनवणाऱ्यांनी पुढे त्याकडे पाहिलंच नव्हतं. मुलाने कार्ड परत घेतलं, पैसेही दिले. त्याचा काही दोष नव्हता.

तेव्हापासून कार्ड पाहताना मी आधी ड्रायव्हर पाहतो, नंतर कार्ड. साउंड कार्डाचं लोखंड वीस वर्षं टिकतं. ड्रायव्हर तेवढा जगेल याची खात्री नसते. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि आवाजाची अख्खी व्यवस्थाच बदलली. त्यात कितीतरी धडधाकट कार्डं एका रात्रीत निराधार झाली. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्समध्ये मात्र जुन्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे तिच्या गाभ्यातच असतात. कुणीतरी ते सांभाळतं, आणि कंपनीचं लक्ष उडालं म्हणून ते नाहीसे होत नाहीत. माझ्या कॉम्प्युटरवर दोन्ही आहेत. रेकॉर्डिंग लिनक्सवर करायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

जुन्या बाजारात पहिलं मन गेलं ते एम-ऑडिओच्या ऑडिओफाइल २४९६ वर. साधं, लांबट कार्ड. मागे डेकला लावतो तसल्या आरसीए पिना, आत जायच्या दोन, बाहेर यायच्या दोन. वर आठ स्पीकरांचा पसारा नाही. चिपचा लिनक्स ड्रायव्हर अनेक वर्षं चाललेला. पण ते जुन्या पीसीआय स्लॉटचं, म्हणजे कार्ड बसवायच्या जुन्या खाचेचं, आणि माझ्या बोर्डवर फक्त नव्या पीसीआय एक्सप्रेसच्या खाचा. ते कार्ड हातात घेऊन मी परत ठेवलं, आणि ते मनाला लागलं. ज्यांच्याकडे जुना बोर्ड असेल आणि कॅसेटी उतरवायच्या असतील त्यांना मी आजही तेच सांगेन. साउंड ब्लास्टर लाइव्हही दिसलं, तेही पीसीआयच. त्याच्या आतलं गणित ४८ किलोहर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं घेऊनच चालतं, सीडीच्या ४४.१ ची मागणी केली तर ते आधी ४८ ने मोजतं आणि मग बदलून देतं. तसलं कार्ड वापरायचं तर सरळ ४८ वरच उतरवावं.

शेवटी घेतलं ते असूसचं झोनार एसेन्स एसटीएक्स, वापरलेलं. २००९ चं मॉडेल. याच्या बाबतीत मला आवडलं ते हे की मोठ्यात मोठा आवाज आणि कार्डाची स्वतःची सरसर यांतल्या अंतराचे दोन आकडे कंपनीने वेगवेगळे दिले आहेत. बाहेर जाणाऱ्या आवाजाला १२४ डेसिबल, आत येणाऱ्याला ११८. खोक्यावरचा मोठा आकडा जवळजवळ नेहमीच बाहेरच्या आवाजाचा असतो, आणि कॅसेट उतरवणाऱ्याला हवा असतो आतला. तसं पाहिलं तर मला ११८ चीही गरज नव्हती. साध्या कॅसेटमध्ये सगळ्यांत मोठा आवाज आणि टेपची सरसर यांत साधारण ५० डेसिबलचं अंतर असतं. एका बिटला सहा डेसिबल धरले तर सोळा बिटांचे ९६ होतात, म्हणजे सीडीएवढी पातळीसुद्धा कॅसेटला भरपूर झाली. मला पाहिजे होतं ते एवढंच, की कार्डाने स्वतःचं काही घालू नये आणि काही सांडू नये.

वापरलेलं कार्ड घेताना दिवसाउजेडी घ्यावं. कपॅसिटरचे माथे सपाट आहेत ना, एखादा फुगला किंवा त्यातून तपकिरी रस आला आहे का, हे आधी बघायचं. २००० नंतरच्या काही वर्षांत असे फुगून मेलेले कपॅसिटर कितीतरी बोर्डांवर दिसायचे. मग सोनेरी दातांवर काळपट थर आहे का ते पाहायचं. तो मी शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने काढला आणि स्पिरिटने पुसून घेतलं. रॅमला करतात तसंच. या कार्डाच्या नाजूक भागावर पत्र्याचं झाकण आहे, आणि त्याला स्लॉटखेरीज एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी वीज द्यावी लागते, जुन्या हार्डडिस्कला असायची ती चार पिनांची. ती लावायला विसरलं तर कार्ड नीट चालत नाही. सगळं जोडून कॉम्प्युटर चालू केला, आणि आतून रिलेचा, म्हणजे कार्डावरच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचा, स्पष्ट 'टक्' असा आवाज आला. दार उघडल्याचा असतो तसा. अजूनही रोज तो आवाज आला की मला बरं वाटतं.

मग कार्डाची बाहेरची वायर त्याच्याच आत जोडून तासभर सूर सोडला. लहर एकदाही तुटली नाही. काहीच न जोडता दहा मिनिटं शांतता उतरवली. शांतताच उतरली. मग टू-इन-वन जोडला.

गुणगुण होती.

त्या रात्री मी फार निराश झालो. पण एक गोष्ट लक्षात आली. टू-इन-वन सेलवर चालू असतानाही त्याला हात लावला की गुणगुण वाढत होती. आणि फरशीवर अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला उलट्या बोटांनी स्पर्श केला की बारीक झिणझिण्या येत होत्या. त्या झिणझिण्या आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होत्या. 'कॉम्प्युटर जरा मारतो,' असं म्हणून आम्ही वर्षानुवर्षं चपला घालून बसत होतो. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटला, एक न्यूट्रलपासून. बाहेरून येणारा विजेचा गोंगाट अर्थिंगमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेट दोघांच्या मधे टांगून राहतं, साधारण ११५ व्होल्टवर. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण माझ्या कार्डाचा ग्राउंड म्हणजे तेच कॅबिनेट. जगातलं कुठलंही कार्ड बसवलं असतं तरी त्याने आजीच्या आवाजात तेच मिसळलं असतं.

वायरमनला बोलावलं. आमची इमारत जुनी, पेठेतली. प्लगला तीन भोकं होती आणि वरच्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती. शेजाऱ्यांनी सुचवलं, न्यूट्रलची तार अर्थिंगला जोडून टाका, सगळे करतात. वायरमनने ते साफ नाकारलं, आणि मी त्याचा ऋणी आहे. न्यूट्रल कुठे तुटली तर अख्ख्या कॅबिनेटवर २३० व्होल्ट येतात आणि माणूस मरतो. मागच्या अंगणात जुना अर्थिंगचा खड्डा होता, पण पट्टी गंजून गेली होती. त्याने तो पुन्हा खणला. तांब्याची पाटी, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी सोडायला पाइप. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी खर्च वाटून घेतला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी अनवाणी उभा राहिलो आणि कॅबिनेटला हात लावला. पत्रा थंड होता, एवढंच जाणवलं.

टू-इन-वन जोडला, हेडफोन लावले. सरसर होती, ती टेपची. तिच्यामागे काही नव्हतं.

पुढचं काम हळूहळू चाललं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डावी-उजवी दोन्ही बाजू. तासाला साधारण एक जीबी होतो. जागेची काळजी कुणी करू नये. २४ बिट घेतले म्हणजे पातळी खाली ठेवता येते, आणि आजीने अचानक सूर वर नेला तरी आवाज फाटत नाही. प्रत्येक कॅसेटला हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू किंचित फिरवून 'स' आणि 'च' सगळ्यांत स्वच्छ कुठे येतात ते शोधतो. काकाच्या टू-इन-वनचं हेड जरासं तिरकं असणार. बुरशीच्या दोन कॅसेटींना अजून हात लावलेला नाही.

पहिली कॅसेट नव्याने उतरवली तिच्यावर कसलंही सॉफ्टवेअर चालवलं नाही. पेनड्राइव्ह घेऊन स्वतः देवरुखला गेलो. आत्याच्या कानावर हेडफोन लावले आणि समोर बसलो. तिने डोळे मिटले. बराच वेळ तिने काहीच केलं नाही. मग एक बोट वर करून मला थांबायची खूण केली. मला वाटलं, बंद कर म्हणतेय. मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला.

"टाकी लावलेली आहे," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"जात्याला रे. ऐक, खरखरीत वाजतंय. गुळगुळीत झालेलं जातं असं वाजत नाही, ते नुसतं सरकतं. मेच्या सुट्टीत पाथरवट यायचा, त्याने पाळीवर टाकी मारली की पहिले दोन दिवस आई दळलेलं पीठ खाऊ द्यायची नाही, कच लागते म्हणून. हे त्यानंतरचं आहे." तिने हेडफोनवर दोन्ही हात दाबून धरले. "आता मूठ वैरली बघ तिने."

मी तिच्या कानाजवळ वाकलो. हेडफोनच्या फटीतून बारीक घरघर येत होती.